पोर्ट्रेट काढताना किती लांब उभं राहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, मी कोल्हापुरात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फोटोग्राफीच्या सबमिशनसाठी बारा पोर्ट्रेट आणि सोबत तंत्राची नोंदवही द्यायची आहे. आत्ता जून चालू आहे, ऑगस्टअखेर मुदत आहे. विषय घेतलाय हातानं काम करणारी माणसं: चप्पल शिवणारे, कुंभार आणि घरची आजी. क्रॉप सेन्सरचा साधा डीएसएलआर आहे, १८-५५ ची किट लेन्स आहे आणि मैत्रिणीची ५० एमएम एफ/१.८ आणली आहे. फोटो शार्प येत नाहीत, चेहरे काळपट येतात आणि कॅमेरा वर केला की माणसं ताठ होतात. कोणती सेटिंग्ज ठेवू? फ्लॅश घेऊ का? चार फोटो जोडले आहेत."

सेटिंग्ज सांगते, पण त्याआधी एक गोष्ट. तू तीन वेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेस. चारही फोटो नीट पाहिल्यावर मला तिन्हींचं मूळ एकच दिसतं: तू कुठे उभी राहतेस. पहिल्या फोटोत चप्पल शिवणारे मामा खाली बसलेत आणि तू उभ्यानं, हातभर अंतरावरून १८ एमएमवर, म्हणजे लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला, फोटो घेतला आहेस. दुसऱ्यात तेच मामा दुकानाच्या दारात आहेत, मागे उन्हाचा रस्ता. तिसरा आजीचा, त्यात कानातली कुडी लखलखीत शार्प आणि डोळे मऊ. चौथा कुंभार गल्लीतला, रस्त्याच्या पलीकडून घेतलेला. चारही फोटोंत अंतर तू ठरवलेलं नाहीस, ते आपोआप ठरलं. वडिलांचा स्टुडिओ मी गेली तीस वर्षं चालवते आणि बाहेरची परीक्षक म्हणून विद्यार्थ्यांची सबमिशनही पाहते. कॅमेऱ्यापायी पडलेली फार थोडी पाहिली. अंतराचा विचार न केल्यानं पडलेली खूप.

आधी मामांच्या नाकाचं बघू. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत चेहरा साधारण १२ सेंटिमीटर खोल असतो. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ सेंटिमीटरवर गेले, म्हणजे कानाच्या मानानं नाक तीस टक्के मोठं उमटणार. तोच कॅमेरा दीड मीटरवर ने, फरक आठ टक्क्यांवर येतो. तीन मीटरवर चार टक्के. तिथून पुढे चेहरा चपटा आणि परका वाटायला लागतो, कारण गप्पा मारताना आपण एकमेकांना इतक्या लांबून पाहत नाही. वाइड लेन्स चेहरा बिघडवते असं सगळे म्हणतात. खरं तर लेन्स फक्त फ्रेम कापते. चेहरा बिघडवतं ते अंतर. १८ एमएम लावली की फ्रेम भरायला तू नकळत पुढे सरकतेस आणि तिथे घोटाळा होतो.

हे मला एका म्हातारीनं शिकवलं. मी बाविशीची होते, नवी २८ एमएम हातात आली होती. बाजारात भाजी विकणाऱ्या एका आजीचा फोटो मी अगदी जवळून काढला. सुरकुत्या काय, नाकातली नथ काय, मला तो फोटो फार जबरदस्त वाटला. आठवड्यानं प्रिंट घेऊन गेले. आजींनी तो बराच वेळ पाहिला, उलटा करून पाठ पाहिली, पुन्हा सुलटा केला. "लेकी, ही मी न्हवं," म्हणाल्या आणि परत दिला. त्या रागावल्या नव्हत्या, खरं तेच सांगत होत्या. पुढच्या बाजाराला मी वडिलांचा याशिका कॅमेरा घेऊन गेले, पाच फुटांवर गोणपाटावर बसले आणि पुन्हा फोटो काढला. तो त्यांनी ठेवून घेतला. तेव्हापासून चेहऱ्याचं काम असलं की मी आधी पाच फूट मोजते आणि मग लेन्स निवडते.

तुझ्याकडची ५० एमएम क्रॉप सेन्सरवर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर) ७५-८० एमएमसारखी वागते. दीड मीटरवरून उभ्या फ्रेममध्ये साधारण ७० सेंटिमीटर उंची मावते, म्हणजे डोक्यापासून पोटाच्या वरपर्यंत. बसलेल्या माणसाचे कामातले हातही त्यात येतात. तुझ्या विषयाला याहून सोयीची लेन्स नाही. किट लेन्स ठेव, पण तिची ५५ ची बाजू चेहऱ्यासाठी वापर आणि १८ ची बाजू पूर्ण कारखाना दाखवायला. तेव्हा माणूस फ्रेमच्या मध्याजवळ ठेव, कडेला गेला की ताणला जातो.

आता आजीची कुडी. ५० एमएम, एफ/१.८, अंतर दीड मीटर: एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं तोंड जास्त उघडं आणि शार्प पट्टा अरुंद. या हिशेबात तो पट्टा सगळा मिळून सहा सेंटिमीटर, डोळ्याच्या पुढे तीन आणि मागे तीन. तू मधल्या फोकस पॉइंटनं डोळ्यावर फोकस केलास, बटण अर्धं दाबून धरलंस आणि मग फ्रेम जुळवायला कॅमेरा वळवलास. कॅमेरा दहा अंश वळला तर फोकसची पातळी डोळ्याच्या मागे सव्वादोन सेंटिमीटर सरकते. त्यात आजी जराशी पुढे झुकली, तूही श्वास घेतलास, की तीन सेंटिमीटर संपले आणि फोकस कानावर गेला. लेन्समध्ये दोष नाही. फोकस पॉइंट हातानं हलवून थेट जवळच्या डोळ्यावर ठेव आणि कॅमेरा वळवू नकोस. डीएसएलआरमध्ये कडेचे पॉइंट मधल्याइतके पक्के नसतात, म्हणून तीन-चार फोटो घे. दुसरं, एफ/१.८ चा हट्ट सोड. एफ/४ वर त्याच अंतरावर पट्टा १४ सेंटिमीटरचा होतो, नाकापासून कानापर्यंत सगळं बसतं. "मग मागचं धूसर कसं होणार?" हा तुझा पुढचा प्रश्न असणार. माणसाला भिंतीपासून पुढे आण. भिंत पाठीला लागून असेल तर एफ/१.८ लाही पोपडे दिसतील, भिंत दहा फूट मागे असेल तर एफ/४ लाही ती विरघळते.

शटर स्पीड बसलेल्या माणसाला १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नकोस, हात चालू असतील तर १/२५०. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० करावा लागला तर बिनधास्त कर. दाणे प्रिंटमध्ये फारसे दिसत नाहीत, हललेला डोळा मात्र प्रत्येकाला दिसतो. कमी आयएसओवर काळा फोटो काढून नंतर कॉम्प्युटरवर उजळला तर दाणे उलट जास्त येतात. एक प्रयोग मात्र जरूर कर: ट्रायपॉड लाव, १/८ किंवा १/१५ ठेव आणि मामा रापीनं कातडं कापत असताना त्यांना मान स्थिर ठेवायला सांग. हात वाहताना दिसतील आणि चेहरा ठाम राहील. वीसात एक जमेल. तो एक नोंदवहीत शटर स्पीडवरच्या दोन पानी मजकुरापेक्षा जास्त बोलेल.

चेहरे काळपट का येतात, यावर जरा थांबते, कारण इथे विद्यार्थी सर्रास चुकीचा उपाय करतात. साध्या कॅमेऱ्याच्या मीटरला समोर मामा आहेत की म्हैस, हे कळत नाही. ते फ्रेममधल्या उजेडाची सरासरी काढून तिला मधल्या करड्या छटेला आणून ठेवतं. मागे उन्हातला रस्ता असेल तर मीटर रस्त्याला करडा करतं आणि मामा काळे पडतात. डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात पांढरा सदरा असेल तरी तेच. उलट मागे अंधारा कारखाना असेल तर मीटर अंधाराला उजळायला जातं आणि गाल फटफटीत होतो. म्हणून मीटर स्पॉटवर, म्हणजे फक्त छोट्या ठिपक्यातला उजेड मोजेल असं ठेव, मामांच्या गालावरचं माप घे आणि मॅन्युअलमध्ये तेच आकडे पक्के कर. गहूवर्णी गाल जवळजवळ मधल्या छटेचाच असतो, त्यामुळे माप थेट चालतं. रंग खूप सावळा असेल तर मापापेक्षा अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, जास्त म्हणजे दुप्पट) कमी दे, नाहीतर मीटर सावळ्याला गोरा करून टाकतं. खूप गोरा असेल तर एक स्टॉप जास्त. मग हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघ, टोपीचा पांढरा जळलेला नको.

सबमिशनमध्ये आणखी एक गोष्ट मला दरवर्षी दिसते आणि दरवर्षी वाईट वाटतं: "काळपट" चेहरा दुरुस्त करायच्या नावाखाली कातडीचा रंगच उजळलेला असतो. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' नावाचं नमुन्याचं कार्ड असे आणि त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे. त्या मापानं आपल्याकडचे चेहरे मातकट यायचे, मग स्टुडिओवाले पावडर लावायचे आणि गिऱ्हाईकही "जरा गोरा करा" म्हणायचं. मीही केलंय ते. तुला आता ते करायची काहीच गरज नाही. सावळी कातडी सुंदर दिसते ती तिच्या चकाकीतून. गोऱ्या कातडीवर गालाचा उंचसखलपणा उजेड-सावलीच्या उतारातून कळतो. सावळ्या कातडीवर तो कळतो प्रकाशाच्या प्रतिबिंबातून, म्हणजे कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर पडणाऱ्या मऊ चमकेतून. प्रकाशाचा झोत छोटा असेल तर ती चमक ठिपक्यासारखी टोचते. झोत मोठा आणि बाजूचा असेल, म्हणजे दार, खिडकी, पावसाळी आभाळ, तर चमक रुंद पसरते आणि हाडाचा आकार सांगते. त्यामुळे घाम आलेला चेहरा लगेच पुसायला सांगू नकोस. आधी एक फोटो घे.

म्हणून दुसऱ्या फोटोतल्या दाराचा उपयोग उलटा कर. दार मामांच्या पाठीशी नको, त्यांच्या बाजूला हवं, आणि तू दाराला समांतर बस. मामांना दारापासून तीन फुटांवर बसवलं तर दाराकडचा गाल उजळ आणि पलीकडचा झपाट्यानं गडद होतो. तेच दहा फूट आत नेलं तर उजेड कमी होतो पण दोन्ही गालांवर जास्त सारखा पडतो. दार लहान असलं की दुप्पट अंतराला उजेड जवळपास चौथाई होतो, दार खूप मोठं आणि तुम्ही त्याच्या अगदी जवळ असाल तर इतका पटकन उतरत नाही. पलीकडची बाजू फार काळी वाटली तर दोन बाय तीन फुटांचा पांढरा थर्माकोल दोन-तीन फुटांवर धर. त्याहून चांगला रिफ्लेक्टर मी अजून विकत घेतलेला नाही. कधी उलटं लागतं: पांढऱ्या चुन्याच्या भिंतींमुळे चेहऱ्यावर सगळीकडून उजेड उसळतो आणि आकारच राहत नाही. तेव्हा सावलीच्या बाजूला काळी घोंगडी टांग. ती उजेड पिऊन टाकते आणि गालाची कड परत येते.

आणि ताडपत्री. चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेत, पावसासाठी निळी ताडपत्री बांधलेली असते, तिच्याखालचा प्रत्येक चेहरा निळा येतो. वर ट्यूब लागली असेल तर एक गाल निळा आणि एक हिरवट. व्हाइट बॅलन्सनं (कॅमेऱ्यातल्या रंगाच्या दुरुस्तीनं) एक रंग निघतो, दोन निघत नाहीत. विचारून ट्यूब बंद कर, माणसाला ताडपत्रीच्या कडेला जिथे मोकळं आभाळ दिसतं तिथे सरकव, मामांच्या हातात पांढरा कागद देऊन एक फोटो घे आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) शूट कर.

उन्हाचं आत्ता फार सांगत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, ऑगस्टच्या सुरुवातीलाही असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. पण ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असतं, आणि भरलेलं आभाळ हा तुला फुकट मिळालेला अख्ख्या गावाएवढा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारा स्टुडिओतला पडदा, आहे. फक्त तो वरून येतो, म्हणून माणसाला पागोळीच्या आत दोन पावलं घे. वरचा उजेड कापला गेला की समोरून येणारा उरतो आणि डोळ्यांत चमक येते.

आता ताठरपणा. याबद्दल मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे.

तुला वाटतं माणसं ताठ होतात म्हणजे काहीतरी बिघडलं. मामांनी काय केलं ते आठव. कॅमेरा दिसल्यावर त्यांनी टोपी सारखी केली, वरचं बटण लावलं, हातातली आरी खाली ठेवली आणि सरळ तुझ्याकडे पाहिलं. हा आपल्याकडचा फोटोला बसायचा रिवाज आहे. सुरुवातीच्या काळात प्लेटवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागायचे. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. कारण संपलं पण रिवाज राहिला, कारण त्याला पुढे मानाचा अर्थ आला. कितीतरी घरांत आजोबांचा एकच फोटो असतो, आणि तो असा सरळ बसलेला. मामांना वाटलं, ही पोर आपला फोटो काढतेय, तर तो घरात लावण्याजोगा हवा. तू मात्र तेवढ्यात "नाही मामा, काम करत राहा, मी नाहीच असं समजा" म्हणालीस. म्हणजे त्यांनी मान दिला आणि तू तो परत केलास.

म्हणून पहिला फोटो त्यांचा. त्यांना हवा तसा, समोरासमोर, पूर्ण मनानं काढ. तो काढायचा म्हणून काढू नकोस, ट्रायपॉड लाव, प्रकाश बघ, चार घे. जर्मनीत ऑगस्ट सॅण्डर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतकरी, कारागीर, नोकरदार असे शेकडो लोक याच रीतीनं टिपले. त्यांचा १९२८ चा मिठाई करणारा आचारी शोधून बघ. पांढऱ्या कोटात, हातात भांडं, थेट कॅमेऱ्याकडे नजर. तो ताठच आहे, पण मेलेला नाही, कारण तो स्वतःच्या जागेवर स्वतःच्या ऐटीत उभा आहे. मग १९५० मधलं आयर्विंग पेनचं काम बघ. पॅरिसमध्ये त्यांनी जुन्या नाटकाच्या पडद्यासमोर कारागिरांना कामाच्या कपड्यांत, अवजारांसकट बोलावून नैसर्गिक उजेडात उभं केलं. दोघांचा विषय तुझाच, पण एकानं माणूस त्याच्या जगात ठेवला आणि दुसऱ्यानं जग काढून घेऊन फक्त माणूस आणि अवजार ठेवलं. तुला यातलं एक निवडावं लागेल. बारामध्ये दोन्ही मिसळले तर संच फाटतो. मला विचारशील तर कारखान्यातच काढ. काळी घोंगडी एक-दोनदाच मागे टाक, आणि का टाकलीस ते लिही.

चौथ्या फोटोचं सांगते. रस्त्याच्या पलीकडून झूम करून काढलेला कुंभार मला आवडला नाही. फ्रेम चांगली आहे, पण तो माणूस कुणीतरी आपल्याला बघतंय हे न कळता तिथे आहे. "नैसर्गिक भाव" म्हणून विद्यार्थी असे फोटो भरतात. पोर्ट्रेटला दोन माणसं लागतात आणि दोघांना माहीत असावं लागतं. हा फोटो संचातून काढ. परवानगीचंही इथेच सांगते: कॉलेजच्या सबमिशनला विचारलंस म्हणजे इन्स्टाग्रामला विचारलं असं होत नाही. ते वेगळं विचार. लहान मूल असेल तर आई-वडिलांना.

उंचीचंही तसंच. ते जमिनीवर बसतात, तू उभी राहतेस, मग फोटोत माणूस खुजा आणि दबलेला दिसतो. वडिलांचा याशिका दोन लेन्सचा होता. पोटाशी धरून वरून काचेत बघायचं. त्यामुळे कॅमेरा आपोआप छातीच्या उंचीवर यायचा आणि फोटोग्राफरचं तोंड झाकलं जायचं नाही, मान वर केली की बोलता यायचं. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२), मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्याही तशाच दोन लेन्सच्या रोलायफ्लेक्सवर काम करत. तुझ्या कॅमेऱ्याचा स्क्रीन उघडत असेल तर तो पोटाशी धरून तसंच करता येईल. उघडत नसेल तर मांडी घालून खाली बस, ट्रायपॉड बुटका कर, फ्रेम एकदा लाव आणि मग कॅमेऱ्याच्या बाजूनं डोकं काढून बोल. रिमोट नसेल तर बोट बटणावर ठेव. बोलताना तुझं तोंड त्यांना दिसलं पाहिजे.

काय बोलायचं? काम विचार. खोटं कौतुक करू नकोस, त्यांना ते लगेच कळतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. त्यांना विचार की त्याचा तुम्हाला काय उपयोग झाला, मग ऐक. बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं हाताला कसं कळतं, ते विचार. उत्तर देताना माणूस हात उचलतो, बोटांनी दाखवतो, एकदम स्वतःकडे परत येतो. तो क्षण तुला चोरावा लागत नाही. तू समोर बसलेलीच आहेस.

वेळेचा हिशेब कर. पावसाळ्यात चपलेचं गिऱ्हाईक पातळ होतं. मामांकडे वेळ असेल, पण तो रिकामा वेळ त्यांना आवडत नसतो, हे लक्षात ठेवून जा. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत मात्र गणपती जवळ आले की श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून तिथे याच महिन्यात जा. आत्ता साचे आणि शाडू चालू असेल. एकदा ओळख झाली की डोळ्यांची आखणी कधी करणार ते विचार. मूर्तीचे डोळे रेखताना कुंभाराचा चेहरा जसा असतो तसा वर्षात दुसऱ्या कशावेळी नसतो. बोलावलं तरच जा, आणि कोपऱ्यात बस. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहिला तरी चालेल. दुसऱ्या भेटीत पहिल्या वेळचे प्रिंट ने, पोस्टकार्ड आकाराचे पुरेत. फोनवर दाखवलेला फोटो आणि हातात दिलेला कागद यांत फार फरक आहे.

हे सगळं तिथे सुचावं म्हणून सेटिंग्जची झटापट घरीच संपव. त्यासाठी आजी आहे. एका रविवारी तिला खिडकीपाशी बसव, चहा दे आणि तीन मालिका काढ. पहिली अंतराची: १८ एमएमवर अर्ध्या मीटरवरून, ३५ वर एक मीटरवरून, ५५ वर दीड मीटरवरून. तिन्हींत आजीचं डोकं फ्रेममध्ये जवळपास तेवढंच येईल, चेहरा मात्र तीन वेगळ्या बायकांचा वाटेल. दुसरी मालिका दीड मीटरवरून ५० एमएमची: एफ/१.८, २.८, ४, ५.६. तिसरी खिडकीपासूनच्या अंतराची, दर वेळी गालाचं नवं माप घेऊन. एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्या की काय कशामुळे झालं ते कळत नाही, आणि परीक्षकालाही तेच दिसतं.

नोंदवहीत इंटरनेटवरून उतरवलेली ॲपर्चरची व्याख्या नको. सगळ्या नोंदवह्यांत तीच असते, मी ती पानं उलटते. फसलेला फोटो चिकटव, शेजारी टेपनं मोजलेलं अंतर, खिडकी कुठे होती त्याची रेघोट्यांची आकृती, आणि एक ओळ: पुढच्या वेळी काय बदललं. आजीची कुडी शार्प आलेला तो फोटो टाकून देऊ नकोस, तो नोंदवहीचं उत्तम पहिलं पान आहे.

फ्लॅश घेऊ नकोस. अडीच महिने तो शिकण्यातच जातील आणि दाराचा उजेड राहून जाईल. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश तर उघडूही नकोस.

एडिटिंग थोडं. सुरकुत्या पुसू नकोस, त्वचा गुळगुळीत करू नकोस. ब्लॅक अँड व्हाइट करायचं तर बाराही कर आणि काढायच्या आधी ठरव. ताडपत्रीचा निळा लपवायला केलेलं ब्लॅक अँड व्हाइट ओळखू येतं. प्रिंटचं मात्र नीट ऐक: लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून फोटो सुधारले की प्रिंट काळे येतात, आणि मुलं लॅबवाल्याशी भांडतात. स्क्रीन निम्म्यावर आण, शेजारी पांढरा कागद धर, दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. आधी दोन फोटोंचे छोटे नमुना प्रिंट काढून ते दिवसाच्या उजेडात बघ, मग बारा मोठे, मॅट कागदावर.

बारा हा आकडा मला ओळखीचा वाटतो. १२० च्या फिल्म रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या फ्रेम बाराच बसायच्या. वडील गावाकडे पोर्ट्रेट काढायला जाताना एकच रोल नेत आणि तीन-चार घरं करत. दर फोटोआधी ते खाली बघून पावलं मोजत. तू शंभर काढ, मेमरी कार्डला खर्च नाही. पण पावलं मोज.

आत्ता लगेच एवढंच कर: येत्या रविवारची आजीची अंतराची मालिका मला पाठव, तीनच फोटो, काहीही न सुधारता. प्रत्येकाखाली लिही, कॅमेरा आजीच्या नाकापासून किती आणि आजी खिडकीपासून किती. ते बघितल्यावर मामांकडे दारापाशी नेमकं कुठे बसायचं ते आपण ठरवू.